पळपुटी वीज

बुधवारी सकाळी हिल्डा हार्टलीनं उठल्याउठल्या खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. चटका कसला, गारठा! रात्री त्यावर वाळत घातलेले नवऱ्याचे लोकरीचे मोजे पुठ्ठ्यासारखे ताठ झाले होते. नोव्हेंबर संपत आलेला, नेल्सन गावावर करडं धुकं बसलेलं, आणि शनिवारी मुलगी लिंडा आपल्या तान्ह्या पोरीला, जेमाला, घेऊन ब्रिस्टलहून येणार होती. नात पहिल्यांदा आजोळी येणार, आणि घराची ही अवस्था!

"व्हर्नन!" हिल्डा ओरडली. ओरडावंच लागे. सगळा जन्म कापडगिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोललेलं कुठून ऐकू यायला? "अरे ऊठ! घर गार पडलंय!"

"नोव्हेंबरात घर गारच असतं," पांघरूण म्हणालं.

"रेडिएटर गार पडलेत! सगळेच्या सगळे!"

पांघरूण उडालं आणि व्हर्नन टुणकन उठून बसला. बायको काळजीनं अर्धी झालेली, आणि याच्या चेहऱ्यावर, आता खोटं कशाला बोला, निव्वळ आनंद होता. गिरणी बंद पडल्यापासून बिचाऱ्याच्या हाताला दुरुस्त करण्याजोगं काही लागलंच नव्हतं. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी त्याला वीज मोजायचं मीटर भेट दिलं होतं. ते तो दर रविवारी डब्यातून काढायचा, पुसायचा आणि सुस्कारा सोडून परत ठेवायचा.

"कुणा मिस्त्रीला बोलावू या का?" हिल्डानं भीत भीत विचारलं.

"जॉबरच्या घरात बाहेरचा मिस्त्री?" व्हर्नन पायांत चपला शोधत म्हणाला. "म्हणजे संध्याकाळी क्लबात गोष्ट तयार!"

हे मात्र खरं होतं. जॉबर म्हणजे बिघडलेले साचे ठीक करणारा माणूस, आणि नेल्सनमध्ये जगातल्या सगळ्या मूर्खपणाच्या गोष्टी जॉबरच्या नावावर खपत. छत्री भिजू नये म्हणून ती घरी ठेवून पावसातून गेला तो जॉबर. रात्री अंधार नीट दिसावा म्हणून दिवा लावून बघणारा तोही जॉबरच. या गोष्टी रचायच्या विणकर बायका, आणि हिल्डा स्वतः त्यांतलीच एक. लग्नाआधी तिनंही चारदोन रचल्या होत्या. आपल्यावर एकही गोष्ट होऊ न देता व्हर्नन निवृत्त झाला होता, आणि गिरणीतल्या पगारापेक्षा त्याला त्याचा अभिमान जास्त होता.

"हे बघ," तो मीटर गळ्यात अडकवत म्हणाला, "तू फक्त एक करायचं. कशालाही हात लावायचा नाही. एका साच्यात दोघांचे हात आले की बोटं जातात."

हिल्डा बाजारात गेली. नातीसाठी लोकर आणि शनिवारच्या रश्शासाठी मटण घेऊन परत आली, तोवर व्हर्ननचं निदान तयार होतं. तो स्वयंपाकघरात छाती काढून उभा होता.

"ऐक. इथं खाली बॉयलर ठीक. घड्याळाचा खटका ठीक. दिवाणखान्यातला थर्मोस्टॅट टक्कन वाजतो, म्हणजे तोही ठीक. वीज इथून निघते ती जिन्यावरच्या टाकीच्या कपाटात जाते. तिथं व्हॉल्व्ह आहे. व्हॉल्व्हवर छोटी मोटार आहे. मोटार फिरली की व्हॉल्व्ह उघडतो, व्हॉल्व्ह उघडला की बॉयलरला कळतं, बॉयलर पेटतो. मी मीटर लावलं. मोटारीपर्यंत वीज येतेय, पण मोटार ढिम्म! जळलीय." आणि त्यानं खिशातून नवी कोरी मोटार काढून दाखवली. "आणलीसुद्धा. अर्ध्या तासात घर गरम."

"अगंबाई, इतकं सोपं?"

"कळणाऱ्याला सोपं," व्हर्नन म्हणाला आणि पेचकस घेऊन जिना चढू लागला.

"स्विच बंद केलास ना रे?"

"हो, हो. करतो, करतो."

या 'हो हो, करतो करतो'चा अर्थ हिल्डाला चांगला ठाऊक होता. मागल्या वर्षी टोस्टर उघडताना तो हेच म्हणाला होता, आणि मग त्याच्या भुवया उगवायला ईस्टर उजाडला. शिवाय हिल्डाचे वडील गिरणीत विजेच्या तारा ओढायचे. ते म्हणायचे, "पोरी, विश्वास ठेवायचा तर देवावर ठेव. तारेवर ठेवलास तर देवाकडेच जाशील." बॉयलरच्या शेजारी भिंतीवर लाल दिव्याचा स्विच होता. सगळ्या तापवण्याच्या यंत्रणेला वीज तिथूनच जायची. हिल्डानं वर कानोसा घेतला, आणि हळूच स्विच बंद केला. लाल दिवा विझला. आता नवरा वर काय वाटेल ते करो, मरणार नव्हता.

पण नवऱ्यानं सांगितलेलं मोडल्याचं त्याला कळायला नको. जिना करकरला, नवरा उतरतोय असं वाटलं, की स्विच पुन्हा चालू! लाल दिवा लागला, आणि हिल्डा बटाटे सोलत उभी. साधा हिशेब होता. यात कुणाचं काही बिघडेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही.

वर व्हर्ननने मोटार व्यवस्थित बसवली. तारा जोडायच्या आधी त्यांना सहज मीटर लावून पाहिलं. शहाणा कारागीर पाहतोच. मीटरचा काटा हलेना.

तो खाली आला. स्वयंपाकघरातल्या पेटीत मीटर लावलं. काटा ताडकन उठला.

तो वर गेला. काटा मेला.

तो खाली आला. काटा उठला.

"हिल्डा," तो खुर्चीत बसत म्हणाला, "काहीतरी भयंकर आहे. इथं वीज आहे. वर नाही. सकाळी होती!"

"मग मोटार?"

"मोटारीचं नाव काढू नको. मोटार बिचारी चांगलीच असणार, जुनीसुद्धा! मीच घाईनं खापर फोडलं तिच्यावर. दोष मधल्या तारेत आहे." आणि मग डोळे बारीक करून, घरात शत्रू शिरल्यासारखा आवाज काढून तो म्हणाला, "उंदीर."

"आपल्याकडे उंदीर नाहीत रे."

"दिसत नाहीत, एवढंच. ते कुरतडतात, तार लोंबकळते, कधी टेकते, कधी सुटते. शास्त्र आहे हे."

त्या संध्याकाळी लिंडाचा फोन आला. हिल्डानं अंगावर कोट चढवला होता, डोक्याला मफलर, आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"आई, घर गरम आहे ना गं? जेमाला सर्दी झालीय. डॉक्टर म्हणाले, गारठ्यात अजिबात न्यायचं नाही. इकडे माझ्या सासूबाई म्हणताहेत, आमच्या साउथपोर्टच्या घरात जिन्यातसुद्धा रेडिएटर आहेत, इकडेच आणा पोरीला. मी म्हटलं, आईचं घर काही गार नसतं."

आता त्या साउथपोर्टच्या सासूबाई, बॅनिस्टरबाई, म्हणजे काय प्रकरण होतं! बारशाच्या फोटोत पोरगी त्यांच्या मांडीवर, हिल्डा कडेला, अर्धी चौकटीबाहेर. हिल्डानं मफलर आणखी घट्ट गुंडाळला.

"भट्टी झालीय नुसती," ती म्हणाली. "खिडक्या उघडाव्या लागल्या."

"खरंच ना? शनिवारी सकाळी निघायच्या आधी फोन करीन. थोडं जरी गार असेल तरी सांग हं आई, मग आम्ही परस्पर साउथपोर्टलाच जातो. तुला भेटायला उन्हाळ्यात येऊ."

उन्हाळ्यात! हिल्डानं फोन ठेवला. उन्हाळ्यापर्यंत पोरगी त्या बाईला आजी म्हणायला शिकली असती.

गुरुवारी व्हर्ननने जिन्यावरचा गालिचा गुंडाळला आणि जमिनीच्या फळ्या उचकटायला घेतल्या. पहिल्या फळीखाली धूळ निघाली. दुसऱ्याखाली लिंडाचा लहानपणी हरवलेला बूट. तिसऱ्याखाली वर्तमानपत्राचा चघळलेला बोळा सापडला, तेव्हा व्हर्ननचा आनंद गगनात मावेना.

"हे बघ घरटं! मी काय म्हणत होतो?"

"अरे, हे घर बांधणाऱ्यानं कोंबलेलं असेल. यावर जुन्या राजाच्या राज्याभिषेकाची बातमी आहे."

"मग उंदीरही तितकाच मुरलेला असणार!"

डोंगर पोखरून निदान उंदीर तरी निघतो म्हणतात. इथं निम्मं घर पोखरून उंदराची शेपटीही दिसेना. शेवटी व्हर्नन मागल्या गल्लीपलीकडच्या एडना पिकपकडे गेला आणि तिचं मांजर मागून आणलं. मांजराचं नाव मेजर. आकार उशीएवढा, स्वभाव पेन्शनरचा. व्हर्ननने त्याला फळ्यांच्या भोकातून आत सोडलं आणि कमरेवर हात ठेवून वाट पाहत उभा राहिला. मेजरनं आत एक फेरी मारली, बऱ्यापैकी कोरडी जागा बघितली आणि झोपून गेला. हाका मारल्या, मासा दाखवला, तरी बाहेर येईना. मग मांजर कुठं आहे ते बघायला आणखी फळ्या काढाव्या लागल्या.

"निदान वीज तरी बघ रे एकदा," हिल्डा खालून ओरडली. हात अर्थातच स्विचवर, स्विच अर्थातच बंद.

"बघितली!" वरून आवाज आला. "मेलेलीच! हिल्डा, अगं ही वीज आहे की भूत? मी खाली असलो की असते, मी वर आलो की जाते! माझ्यावर पाळत ठेवून असल्यासारखी!"

हिल्डा हसली. मग तिनं आपल्या हाताकडं पाहिलं. हात स्विचवर होता. तिनं विझलेल्या लाल दिव्याकडं पाहिलं. मग पुन्हा हाताकडं.

"अरे देवा," हिल्डा म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगून टाकायचं. अहो, पहिल्या फळीआधी कळतं तर सांगितलंही असतं. पण आता जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, जमिनीखाली एडनाचं मांजर होतं, आणि व्हर्नन क्लबात जाऊन उंदरांवर व्याख्यान देऊन आला होता. सामानाच्या दुकानात त्यानं उंदराला कुरतडता न येणाऱ्या चिलखती तारेची चौकशी केली होती. आता खरं सांगितलं की गावभर एकच गोष्ट होणार: एका जॉबरची वीज त्याची बायको बंद करायची, आणि तो जमिनीत मांजर सोडायचा. जन्मभर राखलेली अब्रू एका खटक्यासरशी जायची. आणि न सांगावं, तर नात साउथपोर्टला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यावर तिनं मनाशी एक उपाय काढला. उद्या स्विचला हातच लावायचा नाही. तो वर जाईल, त्याला वीज सापडेल, उंदीर पळाले म्हणेल, तारा जोडेल, काम फत्ते. सोपं!

शुक्रवारी सकाळी व्हर्नन वर गेला. हिल्डानं दोन्ही हात एप्रनमध्ये घातले. लाल दिवा लागलेला. वर पेचकस खणकला. तिच्या डोळ्यापुढं टोस्टर आला. मग त्याच्या भुवया आल्या. मग वडील आले, बोट उगारून. वर काहीतरी धप्पकन पडलं, आणि हिल्डाचा हात तिच्या नकळत एप्रनमधून सुटला आणि स्विच बंद करून मोकळा झाला.

"हातोडा पडला!" व्हर्नन ओरडला. "घाबरू नको! आणि वीज नाहीच!"

दिवसभर हेच चाललं. ती निश्चय करायची, वर खुट्ट वाजायचं, निश्चय बाराच्या भावात. दुपारी चारला अंधारून आलं तेव्हा व्हर्नन खाली येऊन टेबलाशी बसला. त्याचे केस धुळीनं पांढरे झाले होते. मीटर गळ्यातून काढून त्यानं टेबलावर ठेवलं.

"हिल्डा," तो म्हणाला, "मला येत नाही गं हे. लिंडाला सांग, साउथपोर्टला जा म्हणावं."

इतक्या वर्षांत 'मला येत नाही' हे शब्द या माणसाच्या तोंडून तिनं ऐकले नव्हते. तिला भडभडून आलं. ती त्याच्याकडं पाठ करून खिडकीशी गेली, भांडी विसळायचं निमित्त करून. गल्लीपलीकडं एडना आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. दोघींच्या नळांत एका गल्लीचं अंतर, आणि तरी चाळीस वर्षांत त्यांचं बोलणं कधी अडलं नव्हतं. साचेखात्याच्या गोंगाटात आवाज कुठला ऐकू येणार? म्हणून गिरणीतल्या बायका नुसते ओठ हलवून बोलत. मोठ्ठं तोंड उघडायचं, एकेक शब्द ओठांवर घडवायचा, आवाज काढायचाच नाही. गिरणी बंद पडली, पण बोली राहिली. जॉबरला या बोलीतलं अक्षर कळत नाही, असा विणकर बायकांचा आईकडून लेकीला मिळालेला समज होता, आणि म्हणून तर ती इतकी मजेची होती. जॉबर नाकासमोर साचा ठीक करत असायचा, आणि त्याच्या डोक्यावरून बायका त्याच्याच गोष्टी रचायच्या.

"माझा मेजर कुठं आहे?" एडनाच्या ओठांनी विचारलं.

"झोपलाय. एडना, मी मेले गं," हिल्डाचे ओठ म्हणाले.

"काय झालं?"

आणि हिल्डानं सगळं ओकून टाकलं. आवाज न करता, पण ओठ कानापर्यंत ताणून. "उंदीरबिंदीर काही नाही! तो वर गेला की मीच स्विच बंद करते. तो मरू नये म्हणून! खाली आला की परत लावते. त्यानं पहिल्याच दिवशी दोष बरोब्बर काढला होता गं. मोटारच जळली होती! नवी बसवलीसुद्धा, नुसत्या तारा जोडायच्या राहिल्यात. आता ते बिचारं म्हणतंय मला येत नाही. आणि माझी नात चालली त्या बॅनिस्टरबाईकडे. कसं सांगू त्याला, एडना? कुठल्या तोंडानं सांगू?"

एडनाचे डोळे मोठे मोठे होत गेले. हिल्डाला वाटलं, किती जीव लावते ही आपल्याला. पण एडना तिच्याकडं बघतच नव्हती. ती तिच्या खांद्यावरून मागं बघत होती.

मागं खुर्ची सरकली. "मी जरा वर जातो," व्हर्नन म्हणाला. "शेवटचं एकदा बघतो."

जिना करकरला. हिल्डा स्विचपुढं उभी राहिली. या वेळी हात लावायचा नाही म्हणजे नाही, असं ती मनाशी घोकत होती, तोच वरून आवाज आला.

"हिल्डा! स्विच बंद कर!"

ती जागच्या जागी उडाली. लग्न झाल्यापासून त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. तिनं बंद केला.

"केला!" ती ओरडली.

"तिथंच थांब! हात त्याच्यावरच ठेव! मी सांगेन तेव्हाच लावायचा!"

वर पेचकस कुरकुरला. मग, "हां, लाव आता!"

लाल दिवा लागला. वर कपाटात काहीतरी बारीक गुणगुणू लागलं. टक्कन आवाज झाला आणि हिल्डाच्या कोपराजवळ बॉयलर भप्पकन पेटला. पाइपांतून गुडगुड पाणी धावलं. थोड्या वेळात जमिनीतल्या भोकातून मेजर बाहेर आला, एकएक पाय झटकत जिना उतरला आणि दिवाणखान्यातला सगळ्यात मोठा रेडिएटर गाठून त्याच्या पायथ्याशी पसरला.

व्हर्नन हात पुसत खाली आला. चेहरा गंभीर, अगदी साचेखात्यातला.

"सापडला दोष," तो म्हणाला.

"क-कशात होता?"

"साचा ठणठणीत होता. दोष विणकरणीत होता."

जगातले सगळे जॉबर प्रत्येक बिघाडावर हे एकच वाक्य बोलत आले होते, आणि विणकर बायकांनी दर वेळी ते हसण्यावारी नेलं होतं. आज हिल्डाला हसू येईना.

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच." त्यानं खिडकीकडं बोट केलं. बाहेर काळोख, आत दिवा, आणि काचेत स्वयंपाकघर आरशासारखं लख्ख उमटलेलं. टेबल, खुर्ची, व्हर्नन, आणि मधोमध हिल्डाचं आ वासलेलं तोंड.

"पण... पण ती आमची बायकांची बोली! तुला कळते?"

"जॉबर आहे मी, हिल्डा. खांब नाही."

"म्हणजे साचेखात्यात... सगळ्या जॉबरांना...?"

"सगळ्यांना."

"आणि इतकी वर्षं एकजणही बोलला नाही?"

"बोललो असतो तर तुम्ही बोलायच्या थांबला असतात," व्हर्नन म्हणाला. "मग दिवसभर त्या खडखडाटात आम्ही करायचं काय? दुसरी करमणूक काय होती तिथं?"

हिल्डानं खिडकीकडं पाहिलं. या खिडकीतून इतक्या वर्षांत ती काय काय बोलली होती! त्याचं घोरणं. त्याची आई. त्याचं नाचणं. तिचे कान लाल लाल झाले. मग तिला आणखी मागचं आठवलं. ती विशीची होती, तो साचेखात्यात नवीन आला होता, आणि तिनं चार साचे पलीकडच्या एडनाला ओठांनी सांगितलं होतं...

"त्या नव्या जॉबरचे कान बघ, किटलीच्या कड्यांसारखे," व्हर्नन म्हणाला. "पण विचारलंन तर मी याच्याशी लग्न करीन."

"ते तू वाचलंस?"

"नाहीतर तुला विचारायची माझी काय छाती होती?"

हिल्डाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. व्हर्ननने तिला रडू दिलं, चहाचं आधण ठेवलं, आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हणजे पहिल्या दिवशी मी बरोबर होतो."

"होतास रे."

"मोटारच."

"मोटारच."

"परत म्हण की एकदा. या कानानं जरा कमी ऐकू येतं."

तिनं तीनदा म्हटलं. मग डोळे पुसून विचारलं, "क्लबात सांगशील?"

"छे! सांगायला गेलो तर मांजराचंही सांगावं लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि तो हातोडा घेऊन फळ्या ठोकायला गेला.

शनिवारी सकाळी लिंडाचा फोन आला तेव्हा हिल्डानं रिसीव्हर रेडिएटरजवळ धरला, जणू उष्णता तारेतून जाणार होती. दुपारी ती सगळी आली. दारातच लिंडा म्हणाली, "बाई गं, काय उबदार आहे!" आणि पोरीची टोपी काढली, मग कोट, मग शाल, मग आणखी एक शाल, आणि त्या सगळ्या लोकरीच्या तळाशी एक गुलाबी, गोल, शिंकणारी नात निघाली. हिल्डानं तिला इतकं घट्ट धरलं की पोरगी दचकून शिंकायची थांबली. "फोटो काढ गं," हिल्डा लिंडाला म्हणाली, "आणि चांगला मधोमध काढ."

संध्याकाळी रस्सा शिजत होता. जेमा स्वयंपाकघरात आजोबांच्या मांडीवर झोपली होती. हिल्डा खिडकीचा पडदा ओढायला गेली आणि थबकली. गल्लीपलीकडं एडना आपल्या खिडकीत उभी होती, आणि हार्टलींच्या शेजारच्या घराच्या खिडकीतल्या डोरिसशी जिवाच्या आकांतानं ओठ हलवत होती.

"...स्विच बंद करायची, आणि वर याला म्हणायची वीज बघ! विणकरीण असून! आणि तो बिचारा बुधवारीच बरोब्बर बोलला होता. मोटार, म्हणाला. पहिल्याच फटक्यात! असा जॉबर..."

"मेली!" हिल्डा म्हणाली. "उद्या गावभर होणार हे!" आणि तिनं पडद्याला हात घातला.

"राहू दे गं," मागून व्हर्नन म्हणाला. "पोरीला उजेड लागतो."

बाहेर काळाकुट्ट अंधार होता. व्हर्ननने नातीला जराही धक्का लागू न देता खुर्ची उचलली, आणि खिडकीच्या आणखी थोडी जवळ ठेवली.